पाणी आणायला गेलेला जोडा

मी एक जुना कापडी जोडा आहे. वरून काळा, आतून पांढरा, आणि डाव्या पायाच्या चवड्यावर निळ्या दोऱ्याने घातलेले एक वाकडेतिकडे ठिगळ. मित्रांनो, ते ठिगळ बघून हसू नका. हसायचेच असेल तर आधी माझी गोष्ट ऐका आणि मग हसा.

माझा जन्म चीनमधल्या जिनान शहरातल्या एका शिक्षक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जात झाला. मला घडवणारी बाई म्हणजे च्याओयुन. तिची सारी उमर कापड गिरणीत गेली होती, त्यामुळे कापडाचा तुकडा फेकून देणे तिच्या जिवावर येई. विरलेल्या चादरी, उशांचे अभ्रे आणि नवऱ्याचे कॉलर झिजलेले पांढरे सदरे तिने फाडले, पिठाची खळ लावून थरावर थर चिकटवले आणि एका जुन्या दारावर उन्हात वाळत घातले. वाळून ते पुठ्ठ्यासारखे कडक झाले, तेव्हा त्यातून तिने माझे तळ कापले. मग आरीने भोक पाडायचे, दाभणात ओवलेला अंबाडीचा दोरा त्यातून काढायचा, आणि टाका घट्ट बसावा म्हणून दोरा मनगटाला गुंडाळून खेचायचा. अधूनमधून ती दाभण केसांतून फिरवून घेई, म्हणजे ते सरसर चालते. मनगटावर लाल वळ उठले तरी तिने एक टाकासुद्धा सैल सोडला नाही.

हे सांगताना मला मिरवावेसे वाटते. पण मिरवण्याचे दिवस माझ्या वाट्याला फार उशिरा आले. त्याआधी आली ती लाज. ती माझी नव्हती, माझ्या मालकाची होती. पण जोड्याला कुठे वेगळे राहता येते? जे पायात उतरते ते आमच्यातही उतरते.

माझे मालक म्हणजे च्याओयुनचे यजमान, थान वेनफू. सगळे त्यांना थानसर म्हणत. ते एका मोठ्या शाळेचे उपमुख्याध्यापक होते, आणि रोज सकाळची सामुदायिक कवायत त्यांच्या हाती असे. पटांगणात शेकडो मुले, आणि समोरच्या ओट्यावर पांढऱ्या सदऱ्यातले थानसर, हातात कर्णा. “तिसरी रांग, डावीकडून दुसरा, हात वर म्हणजे वर, कानाशी नाही,” असे ते ओरडत आणि तो मुलगा लालबुंद होई. ज्या सदऱ्यांत ते ओट्यावर उभे राहत, तेच सदरे आता माझ्या तळात त्यांच्या टाचेखाली होते. च्याओयुनने हे मुद्दाम केले नव्हते. सुती कापड चांगले होते, एवढेच.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात थानसरांच्या मेंदूला एक हलका झटका येऊन गेला. बोलणे सुधारले, हात सुधारला, पण डावा पाय चालताना फरफटू लागला. डॉक्टरांनी औषधे दिली आणि रोज हळूहळू हालचाल करा म्हणाले. जिनान हे झऱ्यांचे शहर. गल्लीच्या टोकाला एक झरा होता, त्याच्या काठी लोंबत्या फांद्यांची विलोची झाडे, आणि त्या झाडांखाली रोज सकाळी काही म्हातारी मंडळी चिगाँग करत. चिगाँग म्हणजे काय, तर श्वासाबरोबर अगदी सावकाश हात, पाय, कंबर फिरवायची आणि फिरवताना आपले लक्ष दुसरीकडे जाऊ द्यायचे नाही. ऐकायला सोपे आहे. थानसरांना ते अपमानास्पद वाटले.

“मी? त्या रांगेत?” ते च्याओयुनला म्हणाले. “अगं, अर्ध्या शहराला मी हात वर करायला शिकवलंय. आता मला कुणी शिकवणार?”

“तुम्ही नका येऊ,” च्याओयुन म्हणाली. “मी जाते. मला येतं का बघते.”

ती गेली. शिकवणाऱ्या श्वेबाई एकेकाळी बालवाडीच्या बाई होत्या, आणि सत्तरीच्या आजोबांशीही त्या बालवाडीतल्यासारख्याच बोलत. “गुडघे सैल. आणखी सैल. कोण चुळबुळ करतंय? शू लागली असेल तर आत्ताच जाऊन या.” च्याओयुनला त्या आवडल्या. त्यांनीच तिला सांगितले की रबराचा जाड तळ नको, पातळ कापडी तळ हवा, जमीन पायाला कळली पाहिजे. म्हणून मी जन्माला आलो. ती रोज रांगेत उभी राहून शिके आणि घरी येऊन सज्जाचे पडदे ओढून थानसरांना शिकवी.

पण सज्जात विलो नाही, झरा नाही. उघड्यावर उभे राहा, झाडासमोर श्वास घ्या, असे श्वेबाईंनी पुन्हापुन्हा सांगितल्यावर थानसरांनी एक युक्ती काढली. आमच्या शहरात झऱ्याचे पाणी चहासाठी घरी नेण्याची रीत आहे. त्यासाठी पहाटेपासून कठड्याशी माणसे बादल्या सोडून उभी असतात. थानसरांनी दोन कॅन घेतले. च्याओयुन पुढे जाई, ते मागाहून निघत, आणि कुणी भेटले की कॅन जरा वर उचलून म्हणत, “पाणी आणायला चाललोय.” मग झऱ्याकाठच्या सगळ्यात जाड विलोमागे कॅन ठेवून, रांगेला दिसणार नाही अशा जागी ते गुपचूप हात हलवू लागत.

घरात पाणीच पाणी झाले. हंडे भरले, पातेली भरली, मोऱ्या घासायलासुद्धा झऱ्याचे पाणी. वसाहतीत अंगणात बुद्धिबळ खेळत बसणारे भूगोलाचे फानसर एकदा म्हणालेच, “काय हो थानसर, घरात मगर पाळलीय का?”

“चहा लागतो मला,” थानसर म्हणाले. आणि त्यांच्या पायाची बोटे माझ्या आत मुडपली.

मित्रांनो, ही बोटांची गोष्ट नीट ऐका, कारण तिच्यावाचून पुढचे तुम्हाला कळणार नाही. थानसरांचा चेहरा कडक इस्त्रीचा. त्यावरून कुणाला काही वाचता येत नसे. पण लाज वाटली की त्यांची बोटे माझ्या तळात रुतत, जणू जमीन खणून आत लपायचे आहे. विलोमागे उभे असताना बोटे मुडपलेली, कुणी जवळून गेले की आणखी मुडपलेली. श्वेबाई रांगेला सांगत, “पाय झाडाच्या मुळांसारखे पसरू द्या. पकडून काय ठेवलंय? जमीन कुठं पळून जात नाही.” ते थानसरांनाही ऐकू येई, पण ऐकू येणे आणि पायाला कळणे यांत बराच प्रवास असतो. शिवाय ते मनातल्या मनात कवायतीसारखे मोजत. एक, दोन, तीन, चार. श्वास छातीत कोंडलेला. डावा पाय फरफटत होताच, त्यामुळे माझा डावा चवडा झिजून गेला. च्याओयुन त्यावर काळे ठिगळ घाली, ते झिजले की नवे घाली. तिचे ठिगळ असे असे की बोट फिरवले तरी कळू नये.

वसंतात विलोच्या बियांचा कापूस उडून डोळ्यांत गेला, उन्हाळ्यात झाडावरचे किरकिरे किडे डोके उठवीत राहिले, आणि मग शरदातल्या एका सकाळी ते घडले. हवा स्वच्छ होती. श्वेबाई रांगेला झऱ्याकडे पाठ करून उभे करीत आणि सांगत, “पाणी पाठीनं ऐका.” थानसर विलोमागे उभे होते. एक पिवळे पान त्यांच्या मनगटावर पडले आणि त्यांनी ते झटकले नाही. हात वर जात होता तो तसाच जात राहिला. मोजणे थांबले. आणि माझ्या आत, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्यांची बोटे एकेक करून उलगडली. अंगठा, करंगळी, सगळी. टाच खाली बसली. ओल्या मातीचा गारवा माझ्यातून त्यांच्या तळपायापर्यंत गेला आणि तिथे थांबला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. घरी जाताना पाय फरफटला नाही. घरी त्यांनी जोडा काढला तेव्हा च्याओयुनने चवडा बघितला आणि ती हसली.

तो आनंद थोडेच दिवस टिकला.

एके सकाळी थानसर कॅन घेऊन कठड्याशी पोचले, तर तिथे गाओ साहेब उभे. ते शिक्षण खात्यातले, शाळेत तपासणीला येत तेव्हा थानसर त्यांना स्वतः चहा देत. च्याओयुनला त्यांनी याआधी कधीच पाहिले नव्हते. पाहणार कसे? गिरणीतल्या बायकोला थानसरांनी शाळेच्या एकाही समारंभाला नेले नव्हते. रांग पाठमोरी होती, हात वर जात होते. पहिल्या ओळीत निळ्या जाकिटातली च्याओयुन होती. तिला ती हालचाल मनापासून आवडे, म्हणून ती हात जरा जास्तच पसरी.

“अरे, थानसर,” गाओ साहेब म्हणाले. “तुम्हीपण यांच्यात की काय?”

“छे हो. पाणी न्यायला आलोय.”

“मला वाटलंच. तुमच्यासारख्या माणसाचं इथं काय काम.” ते हसले आणि हनुवटीने रांगेकडे दाखवले. “ती निळ्या जाकिटातली बाई बघा. अंगणातल्या कोंबड्या हाकलतेय.”

आणि थानसर हसले. नुसते ओठ हलवून नाही, चांगले आवाज करून हसले. “रिकामटेकडी माणसं,” ते म्हणाले.

गाओ साहेबांची नजर मग खाली आली. “आणि हा कसला जोडा? गावाकडून आणला?”

“हा? पाणी सांडतं म्हणून जुना घातलाय. कुणीतरी दिला होता.”

कुणीतरी. मी त्यांच्याच सदऱ्यांचा बनलेलो आहे, मित्रांनो. ज्या मनगटावर माझ्यामुळे वळ उठले ते मनगट तिथून हाकेच्या अंतरावर होते. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरे, असे मला वाटले. मी कातड्याचा असतो, बाजारात विकत घेतलेला असतो, तर हे वाक्य त्यांना बोलावेच लागले नसते, असेही वाटून गेले. आत बोटे इतकी मुडपली होती की नखे तळाला टोचत होती.

त्याच वेळी श्वेबाईंचा आवाज आला, “आता मागं बघायचं. हळूहळू मान वळवा. जुना शीण तिकडंच टाकून द्यायचा.” चिगाँगमधली ती एक नेहमीची हालचाल आहे. धड स्थिर ठेवून फक्त मान वळवायची, नजर खांद्यावरून मागे न्यायची आणि तिथे एक श्वास थांबायचे. सगळी रांग एका वेळी मागे वळली. सगळ्यांनी कठड्याशी हसणारे थानसर पाहिले. च्याओयुननेही पाहिले. तिला सगळे ऐकू गेले होते, हे तिच्या डोळ्यांत दिसत होते. तिने मान झटकन फिरवली नाही. शिकवल्याप्रमाणे पुरा एक श्वास ती तशीच बघत राहिली, आणि मग सावकाश समोर वळली.

त्या दिवशी थानसरांनी खरोखर नुसते पाणी नेले.

घरी राळ्याची पेज आणि खारवलेला मुळा नेहमीसारखा ताटात आला. “गाओ भेटले होते,” थानसर म्हणाले. “हं,” च्याओयुन म्हणाली. “पेज गार होतेय.” एवढेच. ती भांडली असती तर बरे झाले असते, पण ती भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने झऱ्यावर जाणे बंद केले. गुडघा दुखतो म्हणाली. सज्जाचे पडदे उघडेच राहिले. माझ्या डाव्या चवड्याचे ठिगळ पुन्हा झिजले, सुटले, लोंबू लागले. तिने ते पाहिले आणि टोपलीतली सुई उचलली नाही.

थानसर काही दिवस एकटेच विलोमागे जाऊन उभे राहिले. पण ते उलगडणे परत आले नाही. डोळे मिटले की निळे जाकीट दिसे. एकदा शिकवणे संपल्यावर श्वेबाई सरळ झाडामागे आल्या. थानसर तिथे लपतात हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते.

“च्याओयुन येत नाही आताशा,” त्या म्हणाल्या.

“गुडघा दुखतो तिचा.”

“असं.” श्वेबाईंनी त्यांच्या खांद्यावरचे पान काढले. “आमच्या बालवाडीत एक पोरगं होतं. त्याची आई रस्ता झाडायची. ती न्यायला आली की ते इतर मुलांना सांगायचं, ही आमच्या शेजारची बाई आहे.”

“मग तुम्ही काय शिक्षा केलीत?”

“शिक्षा कशाला? रोज आईचा हात धरून जावं लागायचं ना त्याला. तिचा हात गरम असायचा आणि ते पोरगं खाली मान घालून चालायचं.” मग त्या कपडे झटकत म्हणाल्या, “उद्या लवकर या. धुकं असेल, तुम्हाला लपायला बरं.”

थानसर दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. त्यांनी पायात कातडी बूट चढवले आणि मला पलंगाखाली सरकवले. सगळा हिवाळा मी तिथे पडून होतो. धूळ बसली, ओल धरली, तळाच्या कडेला बुरशीचा पांढरा ठिपका आला. कातडी बूट जड होते आणि डावा पाय पुन्हा फरफटू लागल्याचा आवाज मला पलंगाखालूनही ऐकू येई. त्या आवाजाची मला फार लाज वाटे. ज्यासाठी मला शिवले ते काम दुसरा करत होता, तेही वाईट, आणि मी अंधारात लोळत होतो.

हिवाळा सरत आला तेव्हा एके सकाळी पलंगाखाली हात आला. थानसरांनी मला फडक्याने पुसले, सज्जात उन्हाला ठेवले आणि च्याओयुनची शिवणाची टोपली घेऊन बसले. काळा दोरा त्यांना सापडला नाही, किंवा विचारायचे धाडस झाले नाही. निळा दोरा ओवला. अंगुस्तान भलत्याच बोटात घातले. दोनदा सुई टोचून घेतली. कणीक मळता मळता च्याओयुन दारातून बघत होती. मदतीला आली नाही, पण बघत मात्र होती. ठिगळ बसले ते असे, तुम्ही आत्ता बघताय तसे.

मग त्यांनी मला पायात घातले आणि ते खाली अंगणात उतरले. कॅन घेतले नाहीत.

अंगण म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवे. ती शिक्षक वसाहत. तिथले प्रत्येक दार थानसरांच्या कोणा ना कोणा सहकाऱ्याचे. पहिले उबदार ऊन पडले होते, त्यामुळे सगळी वसाहत बाहेर आली होती. बायका दोऱ्यांवर गोधड्या वाळत घालत होत्या, फानसरांचा बुद्धिबळाचा डाव रंगला होता. मधोमध तपकिरी खोडाचे, अजून पालवी न फुटलेले एक झाड होते. थानसर त्या झाडासमोर, इमारतीकडे पाठ करून उभे राहिले. सज्जात नाही, विलोमागे नाही. त्यांनी गुडघे सैल केले आणि हात वर उचलायला सुरुवात केली.

बोटे मुडपली होती. किती मुडपली होती ते मलाच ठाऊक.

“थानसर,” फानसरांनी हातातला घोडा तसाच धरून विचारले, “हे काय चाललंय?”

“चिगाँग.”

“आणि पाणी?”

“पाण्याचं निमित्त होतं,” थानसर म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला आणि कर्णा हातात असल्यासारख्या आवाजात, साऱ्या वसाहतीला ऐकू जाईल असे सांगितले, “कितीतरी महिने मी झाडामागं लपून हेच करत होतो. मला हे माझ्या बायकोनं शिकवलं. आणि हा जोडा आहे ना, हा च्याओयुननं शिवलाय. त्या वाकड्या ठिगळाशिवाय सगळा तिनंच.”

गोधड्या झटकण्याचे आवाज थांबले. कुणीतरी फिसकन हसले. थानसरांचे कान लाल झाले, पण हात थांबले नाहीत. खांदे कानापर्यंत चढले होते, श्वास छातीत अडकला होता, हालचाल एकही धड होत नव्हती. ओट्यावरून त्यांनी स्वतःला पाहिले असते तर रांगेबाहेर काढले असते. तरी ते करत राहिले. हात खाली आले. आता मागे बघायचे होते.

त्यांनी सावकाश मान वळवली. खांद्यावरून नजर मागे गेली, आणि जिन्याच्या दारात च्याओयुन उभी होती. हाताला कणीक, पायात सपाता. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

“अहो, खांदे खाली घ्या,” ती म्हणाली.

त्यांनी खांदे खाली घेतले. मान मात्र तशीच मागे राहिली. “त्या दिवशी मी हसलो,” ते म्हणाले. आता आवाज कर्ण्याचा नव्हता.

“पाहिलं मी.”

“दोन्ही गोष्टी खोट्या बोललो. जोड्याची आणि...”

“ऐकलं.” ती हात पुसत पुढे आली आणि त्यांच्या शेजारी झाडाकडे तोंड करून उभी राहिली. तिने हात उचलले, जरा जास्तच पसरून. “आता मान पुढं करा. एकाच श्वासापुरतं मागं बघायचं असतं.”

आणि माझ्या आत बोटे उलगडली.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षे झाली. ती दोघे झऱ्यावर एकत्र जातात, पहिल्या ओळीत उभी राहतात, आणि येताना एकच कॅन आणतात. च्याओयुनने थानसरांना नवा जोडा शिवला, त्याचा डावा चवडा उजव्याइतकाच झिजतो. माझे निळे ठिगळ उसवून नीट घालावे म्हणून तिने एकदा कात्री हातात घेतली होती. बराच वेळ माझ्याकडे बघत बसली आणि कात्री परत टोपलीत ठेवली. तेव्हापासून मी इथे सज्जातल्या खिडकीत असतो.

तुमच्या घरी माझ्यासारखे हाताने केलेले काही असेल, जोडा, गोधडी, स्वेटर, पिशवी, तर त्याला पलंगाखाली ओलीत टाकू नका. अधूनमधून ऊन दाखवा. फाटले तर शिवा, वाकडे शिवले तरी चालते. आणि कुणी विचारले, हे कुठून आणलेस, तर खाली बघून ‘कुणीतरी दिले’ म्हणू नका. ज्याने केले त्याचे नाव सांगा, पलीकडच्या कठड्यापर्यंत ऐकू जाईल असे सांगा.

मला च्याओयुनने शिवले.